कौलारू घराचा लाकडी सांगाडा: आढे, वासे, कैची आणि तिरकी बांधणी

मोहोळ तालुक्यातील एका तरुण सुताराने विचारले आहे, की दारे, खिडक्या आणि पलंग करण्यात त्याचा हात चांगला बसला आहे. परंतु शेतातल्या नव्या विटांच्या घरावर, म्हणजे १६ फूट रुंद आणि २४ फूट लांब अशा दोन खोल्यांवर, त्याला पत्र्याऐवजी मंगलोरी कौलांचे लाकडी छप्पर घालायचे आहे आणि गावातील कारागीर अँगल व पत्रा सोडून दुसरे काही करीत नाहीत. आढे (छपराच्या माथ्यावरचे लांब आडवे लाकूड) आणि त्यावरून भिंतीकडे उतरणारे वासे कसे बेतायचे, कैची (वासे, तुळई आणि खांब जोडून केलेली त्रिकोणी चौकट) करावी की करू नये, आणि ज्या ‘आडव्यातिडव्या पट्ट्या’ मारायला सगळे सांगतात त्या नेमक्या किती, कोठे व कशासाठी, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. फर्निचर करणारा सुतार छपराकडे वळतो तेव्हा त्याची नजर सांध्याच्या सफाईवर असते, आणि सफाई चांगलीच गोष्ट आहे. परंतु छप्पर पडते ते सांधा उघडा दिसतो म्हणून पडत नाही. वजन कोठून निघाले, कोणत्या लाकडातून भिंतीपर्यंत गेले, जाताना त्याने कोणाला ढकलले आणि कोणाला ओढले, हे आधी डोळ्यांसमोर आले पाहिजे. त्यामुळे करवत हातात घेण्याआधी तुम्ही एक प्रयोग करावा असे मी सुचवीन.

कौलांच्या रिपेचे, म्हणजे ज्या बारीक पट्ट्यांवर कौले टेकतात त्यांचे, दोन-दोन फुटांचे चार तुकडे घ्या आणि प्रत्येक कोपऱ्यात एकच खिळा मारून चौकट करा. ती उभी धरून वरचा कोपरा बोटाने ढकलला, की चौकट आडवी होते. खिळे उपटत नाहीत, लाकूड मोडत नाही, फक्त चौकोनाचा तिरका चौकोन होतो. आता एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात पाचवी रीप मारा आणि पुन्हा ढकला. चौकट जागची हलणार नाही, कारण आता तिचे दोन त्रिकोण झाले आहेत, आणि बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. मग ती पाचवी रीप काढून तिच्या जागी पेटीला बांधतात तसली पातळ लोखंडी पट्टी मारून पाहा. एका बाजूने ढकलले तर पट्टी ताणली जाते आणि चौकट धरून ठेवते. दुसऱ्या बाजूने ढकलले तर पट्टी पोटाला फुगते आणि चौकट पुन्हा आडवी होते. लाकडी तिरका आधार ताणही घेतो आणि दाबही घेतो, मात्र तो लांब आणि बारीक असेल तर दाबाखाली वाकतो; पातळ पट्टी फक्त ताण घेते, म्हणून ती नेहमी फुलीच्या आकारात, दोन्ही दिशांना मारावी लागते. ब्रेसिंगचे, म्हणजे तिरक्या बांधणीचे, मूळ तत्त्व एवढेच आहे आणि पुढचे सगळे त्याचाच विस्तार आहे.

तुमच्या छपराकडे वरून पाहिले तर वासे आणि रिपा मिळून शेकडो चौकोन दिसतात, आणि त्यांत एकही त्रिकोण नसतो. कौलांच्या रिपा दाट मारल्या म्हणजे छप्पर घट्ट झाले, हा समज फार पसरलेला आहे. सगळे वासे एकाच दिशेने कलू लागले तर सगळ्या रिपा मुकाट्याने त्यांच्याबरोबर सरकतात. घराच्या टोकाच्या त्रिकोणी भिंतीवर वारा आदळला की त्याचा जोर घराच्या लांबीच्या दिशेने जातो, आणि वाशांना तिरकी बांधणी नसेल तर तो जोर अडवायला दुसऱ्या टोकाच्या भिंतीशिवाय काही नसते.

म्हणून तुमच्या घराचे थेट उत्तर असे, की प्रत्येक पाख्यात, म्हणजे छपराच्या प्रत्येक उतरत्या बाजूत, दोन, म्हणजे एकूण चार तिरक्या पट्ट्या लागतील. त्या १ इंच जाड आणि ४ इंच रुंद असाव्यात, वाशांच्या पोटाला खालून माराव्यात, एक टोक घराच्या कोपऱ्याजवळ वॉलप्लेटवर आणि दुसरे आढ्याला यावे, आणि वाटेत जो जो वासा लागेल त्याला दोन-दोन खिळ्यांनी जखडावे. वॉलप्लेट म्हणजे भिंतीच्या माथ्यावर सपाट बसवलेले लाकूड, ज्यावर वाशांचे पाय टेकतात. तुमच्या पाख्याची वॉलप्लेटपासून आढ्यापर्यंतची तिरकी लांबी जवळपास ९ फूट येते, म्हणून ४५ अंशांत गेलेली पट्टी घराच्या लांबीतही ९ फूटच व्यापते, आणि २४ फुटांत दोन टोकांकडून एकमेकींकडे झुकणाऱ्या दोन पट्ट्या नीट बसतात. कोन ३० ते ६० अंशांच्या बाहेर गेला तर पट्टीचा उपयोग झपाट्याने कमी होतो.

आता बाहेरच्या ढकलीविषयी, कारण कौलांच्या छपराचे खरे दुखणे तेथे आहे. दोन वासे माथ्यावर एकमेकांना टेकवून उभे केले, की वरच्या वजनाने त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. किती जोराने सरकतात, याचा हिशोब सोपा आहे. दोन फुटांना एक फूट उतार धरला, म्हणजे १६ फुटांच्या घरात मधोमध ४ फूट उंची धरली, आणि आढ्याला स्वतःचा आधार नसला, तर प्रत्येक वाशाचा पाय भिंतीवर जेवढे वजन खाली देतो अगदी तेवढ्याच जोराने तो भिंतीला बाहेर ढकलतो. उतार ४५ अंशांचा केला तर ही ढकल निम्मी होते. उतार त्याहून सपाट केला तर ती वाढते. मंगलोरी कौले आणि रिपा मिळून चौरस मीटरला सुमारे ६५ किलो वजन होते, त्यात वासे धरून आणि वाशांमध्ये दोन फूट अंतर ठेवून हिशोब केला, तर तुमच्या घरात वाशांच्या प्रत्येक जोडीचे पाय सुमारे १२० किलोंच्या जोराने दोन्हीकडे ढकलत राहतील. हा जोर वाऱ्यासारखा येऊन जाणारा नाही. तो वर्षानुवर्षे रात्रंदिवस लागतो, आणि नऊ इंची विटेची भिंत उभे वजन सहज पेलत असली तरी अशी आडवी ढकल सोसण्यासाठी ती बांधलेली नसते. वळचणीखाली भिंत बाहेर झुकलेली आणि मध्ये आढे खाली बसलेले, असे जुने कौलारू घर तुम्ही पाहिलेच असेल. त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

ही ढकल थांबवण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग म्हणजे वाशांचे दोन्ही पाय खालच्या आडव्या तुळईने एकमेकांना बांधणे. ही तुळई वॉलप्लेटच्या पातळीवर किंवा फार तर उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात असावी. ती वर, आढ्याजवळ बांधली तर डोक्यावर मोकळी जागा छान मिळते, आणि म्हणूनच घरमालक तसा आग्रह धरतात. परंतु वरच्या तुकड्याचे काम वाऱ्याच्या वेळी दोन वासे माथ्यावर एकत्र धरून ठेवणे एवढेच असते, पायांची ढकल तो थांबवत नाही. हे दोन तुकडे दिसायला सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. दुसरा मार्ग म्हणजे आढ्यालाच तुळईसारखे जाड करून भक्कम आधारांवर ठेवणे, म्हणजे वासे वरच्या टोकाला आढ्यावर आणि खालच्या टोकाला भिंतीवर टेकतात आणि ढकल जवळपास उरत नाही. मात्र आढे वजनाने जेवढे खाली झुकेल तेवढी ती ढकल पुन्हा जागी होते, हे विसरू नये.

तुमच्या दोन खोल्यांमध्ये आडवी भिंत आहे, त्यामुळे नवशिक्यासाठी मी दुसरा मार्ग सुचवीन. मधली भिंत आढ्यापर्यंत चढवा, म्हणजे आढ्याचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) १२ फुटांचाच राहतो. त्यासाठी ४ इंच रुंद आणि ८ इंच खोल, स्वच्छ, सरळ रेषांचे सागवान पुरते. हे लाकूड उभेच ठेवायचे. ताकद खोलीच्या वर्गाने आणि ताठपणा खोलीच्या घनाने वाढतो, म्हणून २ बाय ४ चा वासा आडवा टाकण्याऐवजी उभा टाकला तर तो दुप्पट वजन घेतो आणि चौपट कमी झुकतो. पलंगाची पाटी करणाऱ्या हाताला लाकूड आडवे टाकण्याची सवय असते, ती येथे मोडावी लागते. तिन्ही भिंतींच्या त्रिकोणी भागावर उताराच्या कडेने काँक्रीटचा सळईयुक्त पट्टा ओतून घ्या आणि आढे व टोकाचे वासे त्या पट्ट्यातून वर आलेल्या बोल्टला जखडा. मोकळी उभी त्रिकोणी भिंत वाऱ्यात आणि भूकंपात सर्वांत आधी बाहेर पडते. वासे आढ्यावर टेकले असले तरी दर चौथ्या जोडीला खालची तुळई घालावी, असे माझे मत आहे. खर्च थोडा आहे, आणि आढे झुकलेच तर ती कामाला येते.

वासा बेतण्याचे गणित दारे-खिडक्या करणाऱ्याला जड जाणार नाही. फुटाला ६ इंच उतार असेल तर फूटभर आडव्या मापाला वाशाची लांबी १३.४२ इंच होते. तुमचे अर्धे माप ८ फूट, म्हणून वॉलप्लेटच्या बाहेरच्या कडेपासून आढ्याच्या मध्यरेषेपर्यंत ८ फूट ११⅓ इंच. वळचणीला आडवे दीड फूट बाहेर काढले तर त्यासाठी आणखी १ फूट ८ इंचांच्या किंचित वर. ही लांबी मध्यरेषेपर्यंतची आहे. वासा आढ्याच्या बाजूला टेकणार असेल तर आढ्याच्या निम्म्या जाडीएवढे आडवे माप वरच्या कापातून वजा करावे. गुण्याच्या (काटकोनी पट्टीच्या) एका पात्यावर १२ आणि दुसऱ्यावर ६ हे आकडे वाशाच्या कडेला धरले, की एका पात्याने माथ्याचा उभा काप आणि दुसऱ्याने वॉलप्लेटवरचा सपाट काप आपोआप आखला जातो. वॉलप्लेटवर बसणारी पोटाची खाच वाशाच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक खोल घेऊ नये, कारण वळचणीचा भाग त्या उरलेल्या लाकडावर लोंबतो.

पहिले दोन वासे कापून आढ्यावर लावून पाहावेत आणि ते बरोबर बसले की त्यांतल्या एकावर खूण करून तोच नमुना ठेवावा. प्रत्येक नवा वासा त्या नमुन्यावरूनच आखावा. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असे केले तर पेन्सिलीच्या रेघेची जाडी प्रत्येक वेळी मापात मिसळते आणि शेवटचा वासा कितीतरी लांब निघतो. प्रत्येक लाकूड कडेवरून डोळा लावून पाहावे. थोडा बाक असतोच, तो वर येईल अशा बेताने वासा बसवावा, म्हणजे कौलांच्या वजनाने तो सरळ होतो. गाठ असलीच तर ती मध्यभागी पोटाकडे येऊ देऊ नये, कारण तेथे लाकूड सर्वांत जास्त ताणले जाते. रिपांमधील अंतर पुस्तकातून घेऊ नये. ते साधारण १२ ते १२½ इंच येते, परंतु भट्टीप्रमाणे कौल बदलते, म्हणून घेतलेल्या कौलांपैकी दहा-बारा जमिनीवर एकमेकांत अडकवून माप काढावे.

वासे चढवण्याआधी भिंती तपासाव्यात. दोन्ही कर्ण मोजून सारखे येतात का ते पाहावे आणि पाण्याच्या नळीने वॉलप्लेटची पातळी चारही कोपऱ्यांवर घ्यावी. आपल्या भागात ही तपासणी नावापुरती करून चालत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पाया उथळ असेल तर भिंत तिच्याबरोबर हलते. भिंतीला कोपऱ्यातून तिरकी भेग गेलेली असेल तर छपराचे काम थांबवून आधी पायाकडे पाहावे.

कैचीचा प्रश्न मधली भिंत नसेल तेव्हा येतो, म्हणजे २४ फुटांची एकच पडवी किंवा गोदाम हवे असेल तेव्हा. अशा वेळी दर ८ फुटांवर एक कैची उभी करून तिच्यावर लांबीच्या दिशेने पर्लिनी, म्हणजे आडवी लाकडे, टाकतात आणि पर्लिनींवर वासे. मधोमध एक खांब असलेली साधी कैची तुमच्या १६ फुटांना उत्तम आहे. तिच्यात दोन जाड तिरके वासे, त्यांचे पाय बांधणारी खालची तुळई, मधला खांब, आणि त्या खांबाच्या पायथ्यापासून दोन्ही वाशांच्या मध्याला जाणारे दोन तिरके टेके असतात. नवशिक्याला वाटते की मधला खांब खालच्या तुळईवर उभा राहून आढे पेलतो. प्रत्यक्षात तो माथ्याला लोंबतो आणि खालच्या तुळईला वर धरून ठेवतो. त्याच्यात ताण असतो, दाब नसतो. म्हणून त्याचा खालचा सांधा नुसते कुसू (लाकडाचे कोरलेले टोक) भोकात घालून सोडला तर चालत नाही, तेथे तुळईच्या खालून वळसा घालणारी लोखंडी पट्टी आणि बोल्ट हवा. पर्लिन वाशाच्या त्याच जागी बसवावी जेथे खालून टेका येतो. दोन टेक्यांच्या मध्ये बसवली तर वासा वाकतो आणि कैची करण्याचा हेतूच हरवतो.

कैचीतला सर्वांत नाजूक सांधा म्हणजे भिंतीजवळचा, जेथे तिरका वासा खालच्या तुळईत खाच घेऊन बसतो. वाशाचे टोक त्या खाचेच्या भिंतीला बाहेरच्या दिशेने रेटत असते, आणि त्या रेट्याला अडवते ते खाचेच्या पुढे उरलेले तुळईचे लाकूड. हे शेपूट आखूड ठेवले तर ते रेषांच्या दिशेने फळीसारखे सोलून निघते, आणि पूर्वसूचना देत नाही. म्हणून मी ते निदान फूटभर ठेवतो, त्यात उन्हाने पडलेली चीर असेल तर ते टोक कापून लाकूड बदलतो, आणि सांध्यातून १२ मिमीचा बोल्ट दोन्ही बाजूंना मोठे वायसर घालून काढतो. घरमालकाला वाटते की भिंतीच्या बाहेर आलेले हे टोक दिसायला वाईट आहे, ते कापून टाकावे. त्याला ते कोरून सजवून द्या, पण कापू नका.

कैच्या जमिनीवर, सूत मारून आखलेल्या पूर्ण मापाच्या नकाशावर जोडाव्यात आणि सगळ्या त्याच नकाशावर, म्हणजे त्या एकमेकींच्या जोडीच्या निघतात. उभारणीच्या दिवशी मात्र सर्वांत जास्त सावध राहावे लागते. एकटी उभी केलेली कैची आपल्या पातळीत फार ताठ असते आणि बाजूला अगदीच लुळी. पहिली कैची उभी करताच तिच्या माथ्यापासून दोन्ही बाजूंना तिरके वासे खाली आणून जमिनीतल्या खुंट्यांना बांधावेत, ओळंबा पाहावा, आणि मगच दुसरी उचलावी. दुसरी उभी राहिली की ती पहिलीला माथ्यावर आणि तिरक्या पट्टीने अशी दोन्ही ठिकाणी बांधावी. नुसत्या आडव्या पट्टीने बांधलेल्या कैच्या वाऱ्याच्या एका झोताने पत्त्यांसारख्या एकीवर एक पडतात. तात्पुरत्या पट्ट्या कायमची बांधणी पूर्ण होईपर्यंत काढू नयेत. माणसे दुसऱ्या कामावर पळवायची असतात, म्हणून त्या लवकर निघतात, आणि अपघात तेव्हाच होतात. कायमची बांधणी तीन ठिकाणी लागते: पाख्याच्या पातळीत वर सांगितल्याप्रमाणे, मधल्या खांबांमध्ये लांबीच्या दिशेने उभ्या फुल्या, आणि खालच्या तुळयांना एकमेकींशी जोडणारी लांब पट्टी. सोलापुरातील जुन्या गिरण्यांच्या किंवा रेल्वेच्या गोदामांच्या छपराखाली कधी उभे राहण्याची संधी मिळाली तर वर पाहा. तेथील कैच्या लोखंडी आहेत, पण टोकाच्या गाळ्यांतली फुलीची बांधणी पाहिली तर माझ्या या परिच्छेदापेक्षा अधिक लवकर कळेल.

वाऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे पाऊस बेताचा. छपराची परीक्षा घेतो तो एप्रिल-मेमधला वळीव, पावसाच्या आधी येणारा धुळीचा सोसाटा. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा चौरस मीटरला सुमारे ४७ किलोंचा दाब देतो, आणि कमी उताराच्या छपरावर तो दाब बहुतांशी वरच्या दिशेने, ओढ म्हणून लागतो. तुमच्या छपराचे दोन्ही पाखे वळचणीसह मिळून सुमारे ४७ चौरस मीटर होतात. त्यावर पत्रा घातला तर त्याचे वजन ३०० किलोच्या आसपास, आणि कौले घातली तर रिपांसह ३,१०० किलो. पत्रे का उडतात आणि कौलारू घर अख्खे का उडत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. पत्र्यावर दगड किंवा जुने टायर ठेवण्याची पद्धत गावोगाव आहे; पण पत्रा उचलला गेला की तोच दगड घरातल्या माणसाच्या डोक्यावर येतो, म्हणून ती सोडावी आणि पत्रा जे-बोल्टने (आकड्यासारख्या वाकवलेल्या बोल्टने) पर्लिनीला बांधावा. कौलांच्या छपरात कडा सांभाळाव्या लागतात. वळचण, आढे आणि टोकाच्या भिंतींवरच्या ओळी येथे ओढ मधल्या भागापेक्षा कितीतरी अधिक असते. त्या ओळींतली कौले त्यांच्या पोटाला असलेल्या भोकातून तार ओवून रिपेला बांधावीत. वळचण दीड फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नये, कारण तिच्यावर वरून ओढ आणि खालून रेटा एकाच वेळी लागतो.

वरची ओढ शेवटी पायापर्यंत पोहोचली पाहिजे. वाशाच्या टोकाला माथ्यातून मारलेला खिळा ओढीच्याच दिशेने शिरलेला असतो आणि ओढीत सहज निघून येतो. म्हणून वासा आणि वॉलप्लेट यांना पत्र्याची जाड पट्टी वळसा घालून दोन्ही बाजूंनी खिळवावी. वॉलप्लेट काँक्रीटच्या पट्ट्यात आधीच रोवलेल्या बोल्टने दर चार-पाच फुटांवर आवळावी. पट्टा ओतलेला नसेल, जुनी मातीची भिंत असेल, तर सळई भिंतीत दोन-तीन फूट खाली नेऊन तिला लोखंडी पाट्याचा नांगर द्यावा, म्हणजे तेवढ्या भिंतीचे वजन छपराच्या बाजूने उभे राहते.

आपल्या परिसरात माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घातलेल्या सपाट छपराची, परंपरा असल्यामुळे एक गोष्ट सांगणे भाग आहे. माळवदावरची एक फूट पांढरी माती चौरस मीटरला जवळपास पावणेपाचशे किलो भरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गोल दगडांच्या आणि मातीच्या जाड भिंती ढासळल्या, त्यांच्याखाली हजारो माणसे गेली, आणि तो धक्का सोलापुरातही जाणवला. त्या पडझडीत अनेक ठिकाणी भिंती गेल्या तरी आतला खांब आणि तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. त्या सांगाड्यात उणीव होती ती तिरक्या आधारांची. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात हातभर लांबीचे तिरके टेके घातले, तर तोच सांगाडा आडव्या हादऱ्याला कितीतरी अधिक टिकतो. जुन्या माळवदाची दुरुस्ती तुमच्याकडे आली तर वरची माती कमी करणे आणि हे टेके घालणे, ही दोन कामे सर्वांत आधी करावीत.

लाकडाबद्दल थोडक्यात. नवे सागवान परवडत नसेल तर उतरवलेल्या वाड्यांचे जुने सागवान वखारीत मिळते आणि ते मला नव्यापेक्षा आवडते, कारण ते पूर्ण सुकलेले असते. मात्र त्यातले जुने खिळे शोधावेत आणि जुन्या भोकांनी लाकूड जेथे अर्धे खाल्ले आहे तो भाग गाळ्याच्या मध्यावर येऊ देऊ नये. बाभूळ ताकदीला कमी नाही, पण लांब आणि सरळ मिळत नाही. टेके आणि खुंट्या यांसाठी ती वापरावी. निलगिरी स्वस्त आहे, परंतु सुकताना पीळ घेते आणि टोकांना फाटते, म्हणून वाशांना ती मी घेत नाही. भिंतीत जाणाऱ्या प्रत्येक टोकाला वाळवीचे औषध लावावे आणि टोकाभोवती बोटभर हवा खेळती ठेवावी.

शिकण्याचा क्रम विचारलात तर आधी एकास दहा मापाची कैची चिपांची करा, मग शेळ्यांसाठी किंवा कडब्यासाठी ८ बाय १० फुटांचे छप्पर पूर्ण बांधणीसह उभे करा, आणि मगच घराला हात लावा. जुने कौलारू घर उतरवण्याचे काम कोणी देत असेल तर मजुरी कमी मिळाली तरी ते घ्या. कोणता सांधा सैल झाला, कोठे लाकूड कुजले आणि कोणती पट्टी नव्यासारखी राहिली, हे उतरवताना जसे दिसते तसे बांधताना दिसत नाही. गाळा २० फुटांच्या पुढे गेला किंवा खालची तुळई काढून मोकळा दिवाणखाना हवा असे घरमालक म्हणाला, तर स्थापत्य अभियंत्याकडून आकडेमोड करून घ्यावी आणि त्याची फी अंदाजपत्रकात आधीच धरावी.

छप्पर पूर्ण झाल्यावर एक काम राहते आणि ते ठरावात लिहून ठेवावे. आपला उन्हाळा इतका कोरडा असतो, की सुकलेले म्हणून आणलेले लाकूडही पहिल्या वर्षी आकसते आणि ज्या बोल्टचे नट हाताला घट्ट लागत होते ते अर्धा-पाऊण फेरा सैल होतात. सैल बोल्ट दिसत नाही, पण कैची आणि पट्ट्या त्याच्यामुळे थोड्या खेळू लागतात आणि भोके रुंदावतात. म्हणून बोल्ट लपवू नयेत, पाना बसेल एवढी जागा सोडावी, आणि पहिल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास, म्हणजे वळीव सुरू होण्याआधी, शिडी लावून प्रत्येक नट आवळून यावे. दुसऱ्या वर्षी पुन्हा एकदा, आणि त्यानंतर कौले चाळायला वर जाल तेव्हा.